पेरभर अद्रक

माझा नातू औरंगाबादेत औषधाचं कालेज शिकतोय. दिवाळीला आल्ता, तव्हा मी चहासाठी अद्रक ठेचत बसल्ते. तर हा शेजारी मांडी घालून मलाच शिकवून राह्यला. "आजी, या अद्रकीत जिंजरॉल असतंय. त्याच्यानं मळमळ थांबती, पोट हलतं राहतं. अद्रक वाळून सुंठ झाली की त्यातल्या काही जिंजरॉलचं शोगॉल होतंय. ते अजून तिखट." मी म्हणलं, लेकरा, तुझ्या मास्तराला हे आता कळलं का? तुझ्या आईच्या आज्याला निजामाच्या राज्यात कळल्तं, अन् त्याला स्वतःच्या नावाचं अक्षर लिहिता येत नव्हतं. नातू हसला. त्याला वाटलं म्हातारी फेकून राह्यली. मंग मी चहा गाळला आणि त्याला समदं सांगितलं. तेच तुम्हाला सांगते.

त्याच्या आईचा आजा म्हणजे माझा सासरा, कडूबा. वडीगोद्रीचा धनगर. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची रीत हाय, पण मला ते जमत न्हाई. कडूबा हेकट व्हता. कुणी पूर्वेला जाऊ म्हणलं की ह्याचं तोंड पश्चिमेला. अंगाला मेंढराचा वास, तोंडाला अद्रकीचा, आणि दोन्ही वास त्याच्या आधी घरात यायचे. माझी सासू झुंबरबाई म्हणायची, "ह्या माणसापायी मला सर्दी झाली तरी कळत न्हाई, नाक कव्हाच मेलंय." त्या दोघांचं तीस वर्षं भांडण चालू व्हतं. कशावरून लागलं ते दोघांनाबी आठवत नव्हतं.

आता एक रीत सांगते, न्हाई तर पुढचं कळायचं न्हाई. आमच्यात तव्हा सासरा सुनेशी बोलायचा न्हाई. सून बी सासऱ्यासमोर तोंड उघडायची न्हाई. मी हनुवटीपर्यंत पदर ओढायचे, तो अंगणात आला की खाकरायचा, आणि मी भिंतीला चिकटून आत पळायचे. लगीन होऊन वर्ष झालं तरी त्यानं माझं तोंड पाह्यलं नव्हतं आणि मी त्याच्या पायाच्या नखांपल्याड त्याला वळखत नव्हते. पण एका घरात राहायचं म्हणल्यावर कामाचं बोलावं तर लागतंच. मंग आमच्या घरात ते बोलणं मेंढीमार्फत व्हायचं.

मेंढीचं नाव भुरी. अंगणात खुंट्याला बांधलेली असायची. कडूबा तिच्यापुढं उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "भुरे, आज भाकर करपली वाटतं." मी चुलीपुढून म्हणायचे, "भुरे, सरपण ओलं हाय म्हणावं. कुणी वाळलेलं फोडून देईल तर करपायची न्हाई." दुसऱ्या दिशी दाराशी वाळलेल्या लाकडांचा ढीग असायचा. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडं मेंढी बोले सुने लागे. भुरी दोघांचं ऐकून रवंथ करायची. इतकी समजूतदार बाई मी वडीगोद्रीत दुसरी पाह्यली न्हाई.

ही भुरी म्हणजे कडूबाच्या अख्ख्या कळपातली उरलेली एकटी. एकेकाळी त्याच्याकडं साठ मेंढरं व्हती. दुष्काळात ती घेऊन तो पार टेंभुर्णीकडं चरायला गेल्ता, तिथं माझ्या बापाच्या वावरात मेंढरं बसवली, आणि बापाच्या वळखीतून माझं लगीन ठरलं. म्हणजे मला मेंढरांनीच वडीगोद्रीत आणलं. पुढं मेंढरांना देवी आल्या आणि दोन महिन्यांत कळप साफ झाला. कडूबानं अद्रक पाजून पाह्यली, हळद लावून पाह्यली, काही उपेग झाला न्हाई. तो स्वतः सांगायचा, "देवीला अद्रक चालत न्हाई. जे चालत न्हाई ते चालतं म्हणणारा वैद्य असतो, मी धनगर हाय."

पण पोटाला चालती, हे त्याला भुरीनं शिकवल्तं. देवी यायच्या आधीच्या साली भुरी गाभण व्हती आणि कुणाच्या तरी मळ्यातला ओला लसूणघास तिनं हावरटासारखा खाल्ला. पोट नगाऱ्यावाणी फुगलं, पाय ताणून पडली. कडूबानं अद्रक ठेचली, रस काढला, त्यात ओवा आणि गोडं तेल घातलं आणि बांबूच्या नळीनं तिच्या घशात सोडलं. मंग तिचं पोट चोळत बसला. दोन घटकेनं भुरीनं असा ढेकर दिला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. पुढं दिवस भरल्यावर तिला दोन कोकरं झाली, दोन्ही शाबूत. ही गोष्ट कडूबानं मला भुरीमार्फत इतक्यांदा सांगितली, की भुरीला ती पाठ झाली असंल.

कळप गेल्यावर त्यानं मोटारीच्या थांब्यावर धंदा काढला. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस व्हते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून जालना ते शहागड मोटार कोळशाच्या ग्यासवर चालायची. पाठीमागं भट्टी, तिच्यातून धूर, सडकेवर खडी, आत माणसं, कोंबड्या आणि तेलाचे डबे. वडीगोद्रीला लिंबाखाली मोटार थांबली की अर्धी माणसं उतरून लिंबाच्या मुळाशी वकायची. मोटार लागायची त्यांना. कडूबा जर्मनच्या, म्हणजे अल्युमिनच्या, डब्यात अद्रकीचे काप लिंबाच्या रसात आणि मिठात मुरवून घेऊन उभा राहायचा. "लेव भाई, अद्रक लेव. गालात धरा, चावू नका, रस गिळा. उलटी बिलकुल बंद."

लोक आधी हसायचे. मंग एकदा एक गिरदावर उतरला, शेरवानीवर समदं सकाळचं जेवण घेऊन. मोठा सरकारी माणूस, पण पोटाला कुठं हुद्दा कळतो. कडूबानं त्याला गालात एक काप धरायला लावला. आधी तोंडाला पाणी सुटलं, मंग घशात ऊब उतरली, मंग कपाळावर घाम आला, आणि घाम आल्यावर साहेब म्हणाला, "अब ठीक है." शहागडापर्यंत तो सरळ बसून गेला. तव्हापासून कडूबाचा डबा रिकामा व्हायला लागला. पण मूठभर मागितली तर तो द्यायचा न्हाई. त्याचं एक वाक्य ठरलेलं: "पेरभर औषध, बोटभर चव, मूठभर जहर." मोटारीच्या ड्रायव्हरनं एकदा पैज लावून स्वतःच डब्यात हात घातला, मूठभर खाल्ली आणि अंबडपर्यंत छाती चोळत मोटार चालवली. आपल्या बोटाचं एक पेर, यवढंच माप. कडूबानं त्याच्यापुढं कुणाला दिली न्हाई, गिरदावरालाबी.

आता माझं ऐका. लग्नानंतर दोनदा मला दिवस गेले आणि दोनदा तिसऱ्या महिन्यात गेले. मी सोळा-सतराची पोर. कुणी मला धीर दिला न्हाई, उलट सासू म्हणली, "हिचं अंग उष्ण हाय, गरभ जळतो." तिसऱ्यांदा दिवस गेले तव्हा तिनं अंबडाहून वैद्यबुवा आणले. बुवांनी माझी नाडी पाह्यली आणि म्हणले, "आलं, सुंठ, मिरी, तीळ, गूळ, समदं उष्ण वर्ज्य." आम्ही अद्रक म्हणतो त्याला बुवा आलं म्हणायचे, म्हणून आधी मला वाटलं वेगळंच काही असंल. धन्या-जिऱ्याचं पाणी द्या म्हणले. ते मी त्यांच्यासमोर प्याले आणि त्यांच्या धोतरावर परत केलं. बुवा पुन्हा आले न्हाईत.

सासूनं तेवढ्यावर भागवलं न्हाई. तिनं शहागडच्या रामरावाकडं शब्द टाकला. रामरावाची पोरगी उपवर व्हती. "ह्या येळी बी गेलं, तर तुमची पोरगी श्रीपतीला करून घेते," असं बोलून ती सुपारी घेऊन आली. श्रीपती म्हणजे माझा नवरा. जितेपणी कव्हा नाव घेतलं न्हाई, आता त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, आता काय लाजायचं. श्रीपती चांगला व्हता पण आईपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. मी इचारलं, "तुम्हाला दुसरी करायचीय का?" तो म्हणला, "आई म्हणती." मी म्हणलं, "आईला करू द्या मंग दुसरी." तो हसला, मला रडू आलं. सवत आली की माझी जागा चुलीपुढं बी राहणार नव्हती, मला कळत व्हतं. पोर राह्यलं तर मी राह्यले, असा हिशेब व्हता.

आणि पोर राहणार कसं, पोटात अन्नच राहत नव्हतं. सकाळी डोळा उघडला की वकारी. भाकरीचा वास आला की वकारी. पाण्याचा घोट बी ठरत नव्हता. महिनाभरात हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी पाण्याला गेले की बाया माझ्याकडं बघून आपसात कुजबुजायच्या. शहागडला रामरावाची पोरगी तिच्या मैत्रिणींना सांगत व्हती म्हणे, "दिवाळीपर्यंत माझं वडीगोद्रीला जायचं ठरलंय."

एका सकाळी मी अंगणात वकून भिंतीला टेकल्ते. कडूबा खाकरला. मला पळायचं बी बळ नव्हतं, नुसता पदर ओढला. तो भुरीपुढं बसला आणि तिच्याशी बोलायला लागला, जरा जोरातच.

"भुरे, तू गाभण असताना मी तुला अद्रक पाजल्ती का न्हाई? पाजल्ती. कोकरं झाली का न्हाई? झाली. शाबूत झाली का? बराबर. मंग अद्रकीनं गरभ जळतो म्हणणारा कुठल्या मेंढीला इचारून आला?"

भुरीनं कान हलवला.

"आणि भुरे, दुसरं ऐक. आधी दोनदा जे गेलं, तव्हा कुणी अद्रक खाल्ली व्हती का? एक चकती बी न्हाई. मंग ते कशानं गेलं? अद्रक न खाऊन जर जात असंल तर खाऊन बघायला काय हरकत हाय? मी काय फार शहाणा न्हाई. पण मोटारीत वकणारं माणूस आणि पोटुशी बाई, दोघांचं पोट एकच भाषा बोलतं, असं मला वाटतं. सुंठ न्हाई द्यायची. सुंठ म्हणजे वाळून कडक झालेली, पोटात आग लावती. ओली अद्रक पोटाला समजावून सांगती. पेरभर. दिवसातून दोनदा. गालात धरायची."

येवढं बोलून तो भुरीच्या गळ्यातली दोरी सारखी करायला लागला, आणि उठून गेला. मी बघते तर दोरीला चिंधीची गाठोडी. आत अद्रकीचे दोन काप, मिठात घोळलेले.

मी भ्याले. सासूनं बघितलं तर जित्ती गाडील. आणि खरंच गरभ जळला तर? मी तो काप हातात धरून कितीतरी येळ उभी व्हते. मंग मला वाटलं, जळायला काही राह्यलं पाहिजे ना पोटात. गालात धरला. आधी तिखट लागलं, डोळ्यात पाणी आलं. मंग तोंडात लाळ सुटली. मंग छातीच्या खाली जे सारखं उलटंपालटं व्हायचं, ते हळूहळू खाली बसलं. मी ताकात कालवलेली भाकर खाल्ली, कोरभर. ती राह्यली. दुपारपर्यंत राह्यली. मी अंगणात जाऊन म्हणलं, "भुरे, भाकर राह्यली म्हणावं." पलीकडं कडूबा अद्रक खरडत बसल्ता. त्यानं मान वर केली न्हाई, पण त्या दिशी तो गाणं गुणगुणत मोटारीकडं गेला. गळा अगदीच वाईट व्हता.

असा दीड महिना चालला. रोज भुरीच्या गळ्यात दोन काप. बांगड्या परत मनगटाला आल्या. तिसरा महिना सरला, चौथा लागला. नातवाला मी स्पष्ट सांगितलं, पोर अद्रकीनं वाचलं असं मी म्हणत न्हाई. आधीची दोन कशानं गेली ते मला ठावं न्हाई, कुणालाच ठावं न्हाई. पण भाकर पोटात राह्यली ती अद्रकीनं. पुढचं भाकरीनं केलं असंल.

मंग एक दिवस मी सासूपुढं बोलताना तोंड उघडलं, आणि तिचं मेलेलं नाक जित्तं झालं.

"तोंडाला कसला वास येऊन राह्यला गं?"

तिनं माझा जबडा धरून वास घेतला, मंग अंगणात गेली, भुरीच्या गळ्यातली गाठोडी सोडली. आणि मंग तिनं असा गलका केला की समदी आळी गोळा झाली. "सासरा सुनेला चोरून खायला देतो. उष्ण चारतो. माझा वंश बुडवायला निघाला." कडूबा घरी आला तव्हा तिनं ते काप त्याच्या अंगावर फेकले. त्यानं उचलले, धोतराला पुसले, आणि एक स्वतःच्या गालात टाकला. म्हणला, "चांगली अद्रक हाय, फेकू नको." ती अजून पेटली.

सासूनं ठरवलं, मला माहेरी टेंभुर्णीला नेऊन टाकायचं. जे व्हायचं ते माहेरी होऊ दे, दोष माहेराच्या माथी जाऊ दे. आणि वाटेत कुणी अद्रक चारू नये म्हणून स्वतः सोबत यायचं. मोटारीनं जालन्यापर्यंत, पुढं बापाची बैलगाडी. सासू जन्मात मोटारीत बसली नव्हती. निघायच्या आधी तिनं माझं बोचकं उलटं केलं, पदराचे कोपरे तपासले, चोळीच्या गाठी चाचपल्या. अद्रक न्हाई याची खात्री केली, मंग निघालो.

लिंबाखाली मोटार उभी. कडूबा डबा घेऊन प्रत्येकापाशी जाऊन राह्यला. आमच्यापाशी आला. भुरी घरी खुंट्याला, त्यामुळं त्याला मला काही सांगता येईना. मी पदरातून त्याची नखं तेवढी बघितली, जागच्या जागी चुळबुळत व्हती. त्यानं बायकोपुढं डबा धरला. "घे. तुला लागंल." झुंबरबाईनं फाडकन हात मारला. डबा वाचला, पण चार काप उडाले आणि माझ्या वटीत पडले. मी त्यावर पदर टाकला. सासू तव्हा मोटारीच्या दांड्याला धरून वर चढायच्या खटपटीत व्हती, तिला दिसलं न्हाई.

मोटार सुटली. पहिला अर्धा कोस सासू ताठ बसल्ती. कोळशाचा धूर आत यायला लागला. खड्ड्यात मोटार आदळली तशी तिनं माझा हात धरला. मंग ती पिवळी पडली. मंग कपाळाला हात लावला. मंग पुढच्या माणसाच्या पागोट्यावर जे झालं ते मी सांगत न्हाई, तो बिचारा रोहिलागडाला बस्ता घ्यायला चालल्ता. ड्रायव्हर वरडला, लोक वरडले, खिडकीबाहेर तिची मान काढली. ती वकून राह्यली आणि मधी मधी खंडोबाला हाका मारून राह्यली. मी चार महिन्यांची पोटुशी, गालात पेरभर अद्रक धरून शांत बसल्ते. मला लाज वाटती सांगायला, पण त्या दिशी मी लई सुखात व्हते.

अंबड यायच्या आत ती आडवी पडली. डोळे वर गेल्ते. मंग मला दया आली. कितीबी झालं तरी माझ्या नवऱ्याची आई. मी पदराखालून एक काप काढला आणि तिच्या तोंडापाशी धरला. तिनं वास घेतला. तिनं माझ्याकडं बघितलं. मंग तिनं तोंड उघडलं.

"चावू नका, आत्याबाई," मी म्हणलं. "गालात धरा."

जालन्याला उतरेपर्यंत तिनं तीन काप संपवले. टेंभुर्णीला मला सोडलं, परत फिरली, आणि परतीच्या मोटारीत बसायच्या आधी माझ्या बापाला म्हणली, "थोडी अद्रक मिळंल का वो?" हे मला बापानं सांगितलं. आम्ही बापलेक इतके हसलो की माझ्या पोटात पोर हललं. पहिल्यांदा.

सातव्यात मी बुळबुळीत पिठलं खाल्लं, आठव्यात अंबाडीची भाजी, नवव्यात जे दिसंल ते. आणि एका शुक्रवारी मला पोरगी झाली. काळी, केसाळ, आवाजाला आज्यावर गेलेली. बाप वडीगोद्रीला सांगायला गेला.

इकडं झालं ते मला नंतर श्रीपतीनं सांगितलं. पोरगी झाली म्हणल्यावर शहागडचा रामराव वडीगोद्रीला येऊन बसला. म्हणला, "पोरगी म्हणजे काय पोर झालं का? तुमच्या बाईनं सुपारी घेतली, माझ्या पोरीचं नाव चार गावात झालं. एक तर लगीन लावा न्हाई तर पंच बसवा." पंच बसले. आबाराव आमच्यातला जुना पंच, बोलायच्या आधी दहादा मिशीवरून हात फिरवायचा. त्यानं श्रीपतीला इचारलं, त्याची जीभ टाळ्याला. झुंबरबाईला इचारलं. समद्यांना वाटलं, ही म्हणणार, लावा लगीन.

झुंबरबाई म्हणली, "सुपारी मी घेतली. चूक माझी. मला दुसरी सून नको."

आबारावानं इचारलं, "कामून?"

ती म्हणली, "ते मोटारीत काय झालं ते मी सांगणार न्हाई. नको म्हणलं ना."

शब्द मोडला की दंड. आमच्यात तव्हा दंड म्हणजे पंचाला जेवण, आणि जेवण म्हणजे मेंढरू. कडूबाच्या खुंट्याला एकच मेंढरू. आबाराव बी वरमला, म्हणला, "दुसरं कुठून आणून दे, हिला राहू दे." पण रामराव हट्टाला पेटला. "ज्या घरानं शब्द मोडला त्याच घरचं पाहिजे. समद्या गावाला ठावं हाय तुमचा जीव कशात अडकलाय." कडूबा उठला आणि बाहेर पडला. झुंबरबाईनंच भुरीला हळदकुंकू लावलं, गळ्यातली दोरी सोडली, आणि तिच्या मानेत तोंड घालून रडली. श्रीपती सांगत व्हता, बाप तव्हा मोटारीच्या थांब्यावर गेल्ता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सुंठवडा वाटत व्हता. लोक इचारायचे, काय झालं. तो म्हणायचा, "नात झाली." लोक म्हणायचे, पोरीचा कुठं सुंठवडा वाटतात का. तो म्हणायचा, "खायचा तर खा, न्हाई तर डबा सोड." वाटत व्हता आणि डोळे पुसत व्हता. लोकांना वाटलं सुंठ झोंबली.

पंचानं जेवण केलं. कडूबा जेवला न्हाई.

पोरगी सव्वा महिन्याची झाल्यावर मी सासरी आले. दारात पाय धुतले, सासूनं भाकर ओवाळून टाकली, पोरीला घेतलं. माझी नजर अंगणात गेली. खुंटा व्हता, दोरी व्हती. मी श्रीपतीकडं बघितलं. त्यानं समदं सांगितलं. मी अंगणात गेले आणि त्या खुंट्यापाशी बसून रडले. माझ्यासाठी कुणी काही दिलं असंल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. आणि दिलं त्यानं, ज्याचं तोंड मी अजून धड पाह्यलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मी चुलीपुढं पोरीला पाजत बसल्ते. अंगणात कडूबा खाकरला. मी पदर ओढला. तो नेहमीप्रमाणं खुंट्यापाशी गेला, उकिडवा बसला, आणि तोंड उघडून तसाच राह्यला. तिथं कुणी नव्हतं. अंगणात दोन कोंबड्या व्हत्या, त्यांच्याशी बी बोलता आलं असतं. भिंत व्हती. घरात बायको व्हती, तिला सांगितलं असतं तर तिनं मला सांगितलं असतं. मी वाट बघत व्हते. चुलीवर दूध उतू चाललं, ते बी मी काढलं न्हाई.

तो उठला. दारापाशी आला. त्याच्या पायाची नखं उंबऱ्याशी थांबली.

"सुगंधा," तो म्हणला. चार वर्षांत माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आवाज मेंढीशी बोलायचा तसाच व्हता. "पोरगी अंगावर पिती. आता ओली अद्रक बास. आता सुंठ खायची. गूळ आणि तुपात. पेरभर."

सासू आत धान निवडत व्हती. तिचं सूप थांबलं. मला वाटलं आता ती गलका करंल. पण सूप परत चालू झालं.

मी पदर मागं सारला, पार डोक्यापर्यंत, आणि त्याच्याकडं बघितलं. वाटलं व्हतं त्यापेक्षा म्हातारा निघाला. डोळे भुरीवाणी ओले.

"व्हय मामा," मी म्हणलं. "खाते."

त्यानं मान हलवली, डबा उचलला आणि मोटारीकडं गेला.